बिलावरचे 18 टक्के



मला अर्थशास्त्रातलं काही कळत नाही. मी फोन दुरुस्त करतो. काच फुटली, बॅटरी फुगली की वस्तीतली माणसं माझ्याकडे येतात. नवा घेत नाहीत. का घेत नाहीत, ते बिलावर लिहिलेलं असतं. तेवढं बिल आज तुम्हाला वाचून दाखवतो.

14 मार्च 2020. जीएसटी कौन्सिल बसली आणि मोबाईलवरचा कर 12 वरून 18 टक्के केला. 1 एप्रिलपासून लागू. मधे काय झालं आठवतं? 24 मार्चच्या रात्री देश बंद. जूनमध्ये शाळा आली ती थेट फोनात. म्हणजे फोनची पाटी झाली आणि नेमकी तेव्हाच पाटी महाग! आमच्या खोलीत भावंडं तिघं, फोन एक, तोही आईचा. तिची धुण्याभांड्याची कामं परत सुरू झाली तसा फोन तिच्याबरोबर जायला लागला. शाळा पण गेली तिच्या पिशवीतून.

मूळ किंमत 7000 धरा. 12 टक्क्यांनी कर 840, 18 टक्क्यांनी 1260. फरक 420. आकडा तुम्हीच बघा, मी काही बोलत नाही.

कारण काय दिलं? सुट्या भागांवर 18 टक्के, तयार फोनवर 12, त्यामुळे कंपन्यांना कर परत द्यावा लागतो, हिशेब उलटा पडतो. ठीक. मग भागांवरचा कर खाली आणायचा होता! ते नाही सुचलं.

आणि परत मिळण्याचं म्हणाल तर, लाखाचा फोन धंद्याच्या नावावर घेणारा साहेब हा जीएसटी आपल्या करातून वळता करून घेतो. आई कशातून वळता करणार? तिच्यापाशी येऊन कर थांबतो. सोन्यावर मात्र 3 टक्के.

1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात बजेटवर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्याबद्दल हेच विचारलं होतं: लहान शेतकऱ्याला आणि बड्या जमीनदाराला दर एकच कसा?

दुसरीकडे काही होतच नाही असं नाही. आफ्रिकेत केनियाने 2009 साली हँडसेटवरचा 16 टक्के व्हॅट उठवला, खप चांगलाच वाढला. 2013 मध्ये परत लावला, ते सोडा. आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या मोटारी आणि एसी 28 वरून 18 वर आले. फोन जिथल्या तिथे. आता साहेबाच्या एसीला आणि आईच्या फोनला दर एकच. वर दर महिन्याच्या रिचार्जवर 18 टक्के, ते वेगळेच.

येत्या रविवारी आपापल्या घरातली फोनची बिलं घेऊन या. हरवली असतील तर रिचार्जचे आकडे आणा. फळ्यावर बेरीज मांडू. खडू मी आणतो.