सूर्यप्रकाश, पाणी आणि हायड्रोजन

(वसई येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या मिठागरांत उन्हाने पाण्याची वाफ होते व मीठ मागे राहते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. परंतु वाफ झाली तरी पाणी हे पाणीच राहते. त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करावयाचे, तर फार अधिक ऊर्जा लागते. केवळ उष्णतेने हे साधण्यास दोन हजार अंशांहून अधिक तापमान हवे. म्हणूनच शास्त्रज्ञ धातूंच्या ऑक्साइडांकडे वळले.

१९७२ साली जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन केल्याचे प्रसिद्ध केले. रंगांत वापरला जाणारा हा पांढरा पदार्थ टिकाऊ आहे. मात्र तो अतिनील किरणेच शोषतो व सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा अल्प असतो. लोखंडाचा तांबडा ऑक्साइड दृश्य प्रकाशही शोषतो, पण त्यात निर्माण झालेले विद्युतभार पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच बहुतांशी विरून जातात. २०२१ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी शंभर चौरस मीटरच्या उघड्या संचावर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातही सौर ऊर्जेचा शेकडा एक भागसुद्धा हायड्रोजनमध्ये उतरला नाही.

आपल्या जवळच, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गणपती यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग धरला. तांबे व क्लोरीन यांची संयुगे सुमारे ५५० अंशांपर्यंतच्या उष्णतेने व थोड्या विजेच्या साहाय्याने पाणी विघटित करतात आणि पुनःपुन्हा वापरात येतात. ही उष्णता आरशांनी एकवटलेल्या उन्हापासूनही मिळू शकेल.

एक किलो हायड्रोजनसाठी किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते व त्यापासून सुमारे ३३ युनिट ऊर्जा मिळते. घातली त्याहून अधिक ऊर्जा मात्र कधीच परत येत नाही. हायड्रोजन हा ऊर्जेचा उगम नव्हे, ती साठवण आहे. नुसत्या पाण्यावर मोटार चालविण्याचा दावा कोणी केला, तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हेच समजावून द्यावे.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट त्यात आहे. उद्या एखादा प्रकल्प आपल्या पंचायतीपुढे आला, तर त्याचे स्वागत अवश्य करावे. परंतु पाणी कोठून घेणार, ऊर्जा कोठून आणणार व ज्वालाग्राही वायू कसा सांभाळणार, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. किनाऱ्यालगत उपसा वाढला की विहिरी खारावतात. स्वच्छ इंधनाची किंमत गावाच्या गोड्या पाण्याने चुकती होता कामा नये.