ऋतुमान कोणी बिघडविले?

राजस्थानात डिडवाना येथे खाऱ्या पाण्याचे एक सरोवर आहे. पावसाळा सरला की त्याचे पाणी आटत जाते आणि तळाशी मिठाचा पांढरा थर उरतो. या तळातील गाळाचे थर भूवैज्ञानिकांनी खणून काढले, त्यांतील क्षार आणि परागकण तपासले. तेव्हा असे आढळून आले की, सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी येथे खोल आणि गोडे पाणी होते व भोवतालच्या प्रदेशावर आजच्याहून कितीतरी अधिक पाऊस पडत असे. पुढे तो पाऊस ओसरला आणि सरोवर खारट झाले. त्या काळी कोळसा जाळणारी गिरणी नव्हती की धूर ओकणारी मोटार नव्हती. मग ते सरोवर भरले कोणी आणि आटविले कोणी?

हवामानाच्या पालटाविषयी चर्चा निघाली म्हणजे पुष्कळ जाणती माणसे हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. पृथ्वीचे हवामान पूर्वीपासून बदलतच आले आहे. मग आजच्या बदलाचा दोष माणसाच्या माथी का? प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेणाऱ्यांनी विज्ञानाची सेवा केली, असे म्हणता येत नाही. शिवाय त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. दोष निसर्गाचा असेल तर सोसण्याखेरीज उपाय नाही आणि कोणाकडे दादही मागता येत नाही. दोष माणसाचा असेल तर कोणत्या माणसाचा, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

डिडवान्याच्या पाण्याचे कोडे ग्रहगणिताने सुटते. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा मिलुटिन मिलांकोविच हा सर्बियन गणिती नुकताच विवाहबद्ध झाला होता. तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हद्दीत सापडला व स्थानबद्ध झाला. पुढे त्याला बुडापेस्टमध्ये राहण्याची व तेथील विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात काम करण्याची मुभा मिळाली. युद्धाची ती वर्षे त्याने आकडेमोडीत घालविली. पृथ्वीची कक्षा कधी अधिक लांबट होते, कधी वर्तुळाकडे झुकते. तिचा अक्ष थोडा कमीअधिक कलतो. आणि भोवऱ्यासारखा तो डुलतही असतो. या हेलकाव्यांची आवर्तने हजारो वर्षांची आहेत. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येई ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात. आज ती जानेवारीत येते. त्या काळी उन्हाळ्यात भारताची भूमी अधिक तापे, मोसमी वारे अधिक जोराने ओढले जात आणि राजस्थानातील सरोवरे भरत. मिलांकोविचच्या हयातीत पुष्कळांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. १९७६ साली समुद्रतळाच्या गाळात त्याच्या आवर्तनांच्या खुणा स्पष्ट सापडल्या, तोवर तो मरण पावून अठरा वर्षे लोटली होती.

परंतु हेच गणित आजच्या बदलाला लावले तर उत्तर उलटे येते. गेली काही सहस्रके उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्याचे ऊन हळूहळू कमी होत आहे. ग्रहांच्या हिशेबाने पृथ्वी मंदगतीने थंडावत जावयास हवी होती. ती तापत आहे.

दुसरा संशयित ज्वालामुखी. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा पर्वत फुटला आणि १८१६ साली युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. न्यू इंग्लंडमध्ये जून महिन्यात बर्फ पडले. पण या कथेत ज्वालामुखी पृथ्वी गार करतो, तापवीत नाही. वातावरणाच्या वरच्या थरात गेलेला गंधकाचा अंश उन्हाला अडवितो. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो फुटला, तेव्हा शास्त्रज्ञांनी सुमारे अर्ध्या अंशाचा गारवा येईल असे आगाऊ वर्तविले. तो तसा आला आणि दोन-तीन वर्षांत विरला. ज्वालामुखी कर्बवायूही सोडतात हे खरे, परंतु माणूस दरवर्षी जेवढा सोडतो त्याच्या एक शतांशाहूनही तो कमी भरतो.

राहिला सूर्य. त्याचे तेज सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्यात हजारात एखाद्या भागाने कमीजास्त होते. १९७८ पासून कृत्रिम उपग्रह ते मोजीत आहेत, आणि या काळात त्यात वाढीचा कल दिसलेला नाही. त्याहून मोठा पुरावा आकाशातच आहे. सूर्य प्रखर झाला असता तर वातावरणाचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापली आहे आणि कितीतरी मैल वरचा थर थंडावला आहे. गोधडी पांघरलेल्या माणसाचे असेच होते. आत ऊब साठते, बाहेर मात्र ती पोचत नाही. सियुकुरो मनाबे या जपानी शास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह १९६७ साली गणिताने हेच भाकीत केले होते. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते २०२१ साली, वयाच्या नव्वदीत.

ही गोधडी कर्बवायूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची आहे, ही कल्पना काही नवी नाही. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८९६ साली हाताने आकडेमोड करून दाखविले की, हवेतील हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज सुमारे तीन अंशांचा आहे. पण शतकापूर्वीच्या कागद-पेन्सिलीला एवढी चूक क्षम्य मानली पाहिजे. त्यानंतर १९३८ साली गाय कॅलेंडर हा वाफेच्या यंत्रांचा इंग्रज अभियंता पुढे आला. हवामानशास्त्र हा त्याचा व्यवसाय नव्हे, छंद होता. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी जुळवून त्याने सांगितले की, पृथ्वी तापू लागली आहे आणि कारण कोळसा आहे. विद्वानांनी त्याचे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले, आणि बाजूला ठेवले. गंमत अशी की, कॅलेंडरला ही बातमी शुभ वाटली होती. त्यामुळे हिमयुग परतणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

वाद तडीस लावण्यासाठी हवेतील वायू अचूक मोजणे अवश्य होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंगने हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर ते काम आरंभिले. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पलीकडे गेला आहे. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले, तेव्हा गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या वर कधी गेलेला आढळला नाही.

पण हा वाढलेला वायू कोळशाचाच कशावरून? याची साक्ष कर्बाचे अणूच देतात. विश्वकिरणांमुळे हवेत किरणोत्सर्गी कर्ब सतत तयार होत असतो. झाडे तो शोषून घेतात आणि ती मेल्यावर तो सुमारे ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे पुरून राहिलेल्या कोळशात त्याचा मागमूसही उरत नाही. म्हणून कोळशाचा धूर हवेत मिसळला की हवेतील त्या कर्बाचे प्रमाण पातळ होते, जसे दुधात पाणी घातले की सायीचे होते. हान्स सूस याने १९५५ साली झाडांच्या लाकडात हे पातळ होणे दाखवून दिले. कीलिंगचा मुलगा राल्फ याने पुढे दुसरी बाजू मोजली. कोळसा जळतो तेव्हा प्राणवायू खर्ची पडतो. हवेतील प्राणवायू त्या हिशेबाने घटत असल्याचे त्याला आढळले. बापाने जमा लिहिली, मुलाने खर्च लिहिला, आणि वही जुळली.

येथे एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. हिमयुगे संपताना आधी उष्णता वाढली आणि कर्बवायू बव्हंशी मागाहून, असे बर्फाचे थर सांगतात. ते खरे आहे. तापणाऱ्या समुद्राने तो वायू सोडला आणि त्या वायूने उष्णतेत आणखी भर घातली. आज मात्र समुद्र वायू सोडीत नाही, शोषून घेत आहे, आणि त्यामुळे त्याचे पाणी आम्लतेकडे झुकत आहे. देणारा दुसराच कोणी असल्याखेरीज हे घडणार नाही.

याचे भारतावर काय परिणाम झाले, याचा आढावा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तपमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ पासूनच्या पाव शतकात दरवर्षी सुमारे ३.३ मिलिमीटरने चढत गेली. पण खरी चिंतेची बाब पावसाची आहे. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, विशेषतः गंगेच्या मैदानात आणि सह्याद्रीवर. आणि त्याच सुमारास मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग सुमारे पाऊणपटीने वाढले. एक अंश तापलेली हवा सात टक्के अधिक बाष्प धरते. ती बरसते तेव्हा ओतते.

एकूण पाऊस घटण्याचे कारण पुन्हा माणूसच, परंतु उलट्या हाताने. चुली, गिरण्या आणि मोटारी यांच्या धुराचे मळभ उन्हाला अडविते. जमीन पुरेशी तापत नाही आणि मोसमी वाऱ्यांची ओढ मंदावते. म्हणजे वायूने तापविले आणि धुराने झाकले. हा धूर आरोग्यासाठी हटवावाच लागेल, आणि तो हटला की झाकलेली उष्णता उघडी पडेल. शेतकऱ्याला या सरासरीचा काही उपयोग नाही. मृगाच्या सरीवर पेरणी करावी, मग तीन आठवडे आभाळाने पाठ फिरवावी, कोंब करपावेत, आणि दुबार पेरणीनंतर एका रात्रीत बांधासकट माती वाहून जावी. वर्षअखेर वेधशाळेच्या वहीत पाऊस ‘सरासरीइतका’ नोंदला जातो.

हा शेतकरी स्वतः किती कोळसा जाळतो? भारतात माणशी कर्बवायूचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे, अमेरिकेत सुमारे चौदा टन. भारताची एकूण बेरीज लोकसंख्येमुळे मोठी आहे आणि वाढतही आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु हवेत आज साठलेला वायू दीड-दोन शतकांचा आहे, आणि त्यातील मोठा भाग पश्चिमेच्या धुराड्यांतून निघाला आहे. आंतरराष्ट्रीय परिषदांतील सारी ओढाताण या जुन्या थकबाकीपाशी येऊन अडते.

मौना लोआ हा स्वतः जिवंत ज्वालामुखी आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात अडतीस वर्षांनी तो पुन्हा जागा झाला. लाव्हारसाने वेधशाळेचा रस्ता गिळला, विजेच्या तारा तोडल्या आणि १९५८ पासूनची ती मोजणी थांबली. काही दिवसांतच समोरच्या मौना केआ पर्वतावर दुसरे यंत्र बसवून ती पुन्हा सुरू करण्यात आली. नव्या यंत्राने नोंदलेला आकडा जुन्या चढत्या रेषेवर, अपेक्षित ठिकाणीच, येऊन बसला.