पगार आहे, पाठ टेकण्यास जागा नाही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून व्हावयाचे नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात मुंबईस जे पाहिले, ते आपणांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी, आपल्याच ज्ञातीतला, तेथे एका इमारतीवर पहारेकरी आहे. सकाळी आठ ते रात्री आठ काम. गणवेश इस्त्रीचा, दाढी नीट केलेली. ‘चल, तुझे बिऱ्हाड पाहू,’ असे आम्ही म्हणताच त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, ‘गुरुजी, बिऱ्हाड नाही. उड्डाणपुलाखाली निजतो.’ आंघोळ सार्वजनिक स्नानगृहात पैसे देऊन, पिशवी चौकीत, टपाल चहावाल्याच्या पत्त्यावर. गावी आईस मात्र त्याने खोली मिळाल्याचे कळविले होते.

‘मग पगार जातो कोठे?’ आम्ही रागावून विचारले. त्याने दिलेला हिशेब आम्हांस खोडता आला नाही. वेतन १३,००० रुपये. घरी ६,०००, दोन वेळच्या जेवणास ४,५००, आंघोळ, कपडे व फोन मिळून १,०००. उरले १,५००. दूरच्या उपनगरातील खोलीस भाडे ५,००० आणि अनामत ३०,०००. अनामत साठण्यासच वीस महिने लागावयाचे. पुढे दरमहाचे भाडे कोठून आणावे? बंधूंनो, हा मुलगा आळशी नाही, व्यसनी नाही. आम्ही रागावलो याची आम्हांस लाज वाटली.

असा तो एकटाच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर आढळली. १९८१ साली मुंबईतील पदपथवासीयांस हुसकावण्याचा निर्णय झाला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १९८५ साली निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ही माणसे कामाच्या जवळ राहावे लागते म्हणून पदपथावर राहतात, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि पदपथावर राहण्याचा हक्क मान्य झाला नाही. रीतसर सूचना देऊन त्यांस हलविण्याची मुभा पालिकेस राहिली. दुःखाचे कारण ओळखले गेले. छप्पर मात्र मिळाले नाही.

मग आपले वाडवडील काय करीत? गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले कामगार गावमंडळाच्या खोलीत उतरत. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. ट्रंक भिंतीशी, जेवण खानावळीत, महिन्याची वर्गणी थोडी. अडचण फार होती. त्या दिवसांचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु गावाहून आलेल्या पोरास पहिल्या रात्री कोठे निजावे हा प्रश्न पडत नसे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या खचल्या, आणि तो आधारही बहुतांशी गेला.

आता आमची सूचना. मंडळाने आपल्या निधीतून एका खोलीची अनामत भरावी. ५,००० भाड्याची खोली चौघांनी घेतली, तर प्रत्येकी १,२५० पडतात. आमच्या विद्यार्थ्यापाशी १,५०० उरतात. अनामत मंडळाचीच राहील, खोली सोडताना परत येईल. यंदाच्या स्नेहभोजनात दोन पक्वान्ने कमी केली तर आरंभ होऊ शकेल. चौघांत एखादा परज्ञातीचा असला तरी आपण हरकत घेऊ नये. पाऊस जात विचारून पडत नाही.

दुसरी विनंती आपणां प्रत्येकास. आपला मुलगा शहरात नोकरीस असेल, तर पगार किती हे विचारण्याआधी ‘रात्री निजतोस कोठे?’ हे विचारा. आणि त्याने खरे सांगितले तर रागावू नका.

आम्ही पुन्हा मुंबईस जाऊ, तेव्हा त्या मुलास काही सांगता यावे, एवढीच इच्छा.