मोजे घालायला शिकवणारे मास्तर

शाळेत असताना खेळाच्या तासाला माझ्याकडे काम असायचं ते मित्रांचे कपडे आणि चपला सांभाळायचं. अशा माणसानं बास्केटबॉलवर बोलावं हे जरा धाडसच. पण आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते जॉन वुडन मुळात इंग्रजीचे मास्तर होते आणि कवितेचे वेडे. म्हणजे नात्यातलेच म्हणायचे!

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९१० साली त्यांचा जन्म झाला. शेतकऱ्याचं घर. पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळताना ते चेंडूसाठी बेधडक जमिनीवर झेपावत आणि तितक्याच चपळाईनं उठून उभे राहत. लोक त्यांना रबरी माणूस म्हणत. पुढे १९४८ साली ते लॉस एंजलिसच्या 'यूसीएलए' या विद्यापीठात प्रशिक्षक झाले. तिथं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १९६४ साल उजाडलं. मग मात्र १९७५पर्यंतच्या बारा वर्षांत दहा विजेतेपदं!

नव्या मोसमाच्या पहिल्या दिवशी ते पोरांना काय शिकवत? मोजे घालायला. मोज्याला चुणी राहिली की पायाला फोड येतो आणि फोड आला की खेळाडू पळताना बिचकतो, एवढं साधं गणित. केसांच्या बाबतीतही भारी कडक. बिल वॉल्टन हा त्यांचा सर्वांत गुणी खेळाडू एकदा केस वाढवून आला. वुडन शांतपणे म्हणाले, तुझ्या मताचा मला आदर आहे, पण तुझी उणीव आम्हाला भासेल. वॉल्टन सायकल दामटत न्हाव्याकडे पळाला. (आम्हा कवींचं त्यांच्या संघात काही जमलं नसतं.)

पण मला हे मास्तर आवडले ते त्याआधीच्या एका गोष्टीमुळे. १९४७ साली ते टेरे हॉट गावातल्या इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजात होते. महाविद्यालयीन प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. संघ उत्तम खेळला आणि कॅन्सस सिटीतल्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं. अट एकच, कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नाहीत. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. तो काही हुकमी खेळाडू नव्हता. त्याला घरी ठेवून जाता आलं असतं आणि कुणी ब्र काढला नसता. वुडन यांनी बोलावणं नाकारलं. नाव होण्याची वेळ, तीच त्यांनी सोडली. उरलेल्या पोरांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात राहून राहून येतो.

पुढच्या वर्षी दडपण वाढलं, बंदी उठली आणि वॉकर संघाबरोबर गेला. तरी हॉटेलात मात्र त्याला इतरांसोबत जागा नव्हती. त्याची मुक्कामाची सोय वेगळी करावी लागली.

संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि लुइव्हिलकडून हरला. पुढे यूसीएलएकडून वुडन यांनी दहा अंतिम सामने खेळवले, दहाही जिंकले. २०१० साली, नव्याण्णवाव्या वर्षी ते गेले. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना ते आयुष्यात एकदाच हरले, तो हा, वॉकरला सोबत घेऊन गेलेल्या वर्षीचा.