संकोचाची पुडी

औषधाच्या दुकानात जाऊन आपण डोकेदुखीची गोळी मागतो, खोकल्याचे औषध मागतो, जुलाबाचेही मागतो, आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. पण एक वस्तू अशी आहे की ती मागण्यापूर्वी भलाभला माणूस दुकानाबाहेर दोन येरझाऱ्या घालतो, ओळखीचे कोणी आसपास नाही ना याची खात्री करून घेतो, आणि मग अर्धे नाव गिळून उरलेले अर्धे उच्चारतो. दुकानदारही ती वस्तू झटकन वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळतो आणि दोघांनी मिळून काही चोरले असावे अशा मुद्रेने पुढे सरकवतो. ही वस्तू म्हणजे निरोध. आजच्या बोलीत कंडोम.

मीही या पंक्तीतलाच. वीस वर्षांपूर्वी माझे लग्न झाले. एम. ए. होऊन मी सरकारी सेवेत नुकताच रुजू झालो होतो. पत्नीची बी. एड.ची परीक्षा व्हायची होती आणि ती होईपर्यंत अपत्य नको, असे आम्ही ठरवले होते. ठरवले होते म्हणजे तिने सांगितले आणि मी मान हलवली. एका संध्याकाळी घराजवळचे दुकान टाळून मी दूरच्या पेठेत गेलो. तेथे नेमके माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ उभे होते. माझी पाळी आली तेव्हा मी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या आणि त्या घेऊन घरी परतलो. पत्नीने पुडी उघडून पाहिली, ती हसली, मीही हसलो. विषय तेथे संपला असे मला वाटले. वस्तुतः तो टळला होता. पुढच्या वर्षी आमचा मुलगा जन्मला. त्याच्या येण्याने घर उजळले यात शंका नाही. पण त्याच्या आईची परीक्षा चार वर्षे लांबणीवर पडली. संकोच माझा, आणि त्याची किंमत भरली तिने. आज या विषयावर आपल्याशी बोलण्याचा मला काही अधिकार असेल, तर तो या चुकीतून आलेला आहे.

हा संकोच आपल्याकडे जुना आहे, आणि त्याच्याशी झुंजणारी माणसेही आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. गणिताच्या या प्राध्यापकाला आपल्या मतांपायी नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून, खटले अंगावर घेऊन ते चालवले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. कर्व्यांचे म्हणणे आज वाचले तर अगदी साधे वाटते. शरीराच्या एका भागाविषयीचे ज्ञान पवित्र आणि दुसऱ्या भागाविषयीचे अपवित्र, असा भेद त्यांना मान्य नव्हता. नको असलेले गरोदरपण आणि गुप्तरोग या दोन्हींपासून माणसाने स्वतःला व आपल्या जोडीदाराला वाचवावे, एवढेच ते सांगत होते. समाजाने त्यांना काय दिले, हे आपण जाणतोच.

पुढे देश स्वतंत्र झाला. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आणला. तीन नगांना पंधरा पैसे अशी त्याची किंमत ठेवली होती. चहा, साबण, तंबाखू आणि बॅटऱ्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तो आपल्या मालाबरोबर खेडोपाडीच्या दुकानांत पोचवला. पुढच्याच वर्षी तिरुवनंतपुरमच्या सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. नावही कसे निवडले पाहा! पतंजलीने चित्तवृत्तींना आवर घालण्यासाठी जो शब्द योजला, तोच या रबरी वस्तूला मिळाला. पण शब्द संस्कृत असला म्हणून तो घरात उच्चारण्याजोगा झाला नाही. वस्तू दुकानापर्यंत पोचली. संभाषण उंबऱ्याबाहेरच राहिले.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुषाच्या शस्त्रक्रियेवर भिस्त असलेली जोडपी अवघी ०.३ टक्के आहेत. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची. निरोध वापरणारी जोडपी ९.५ टक्के; त्याआधीच्या पाहणीत ती ५.६ टक्के होती, तेव्हा पाऊल पुढे पडले आहे हे खरे. पण त्याच पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी असे मत नोंदवले की संततिनियमन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी येणारा मी एकटाच नव्हतो, हे या आकड्याने मला शिकवले.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात काम करीत असताना आरोग्य केंद्रांची पाहणी माझ्याकडे होती. एका केंद्रात निरोधची पेटी नोंदणीच्या खिडकीसमोर, सर्वांच्या डोळ्यांपुढे टांगलेली होती. ती सदैव भरलेली असे आणि तिच्यावर धूळ साचे. तेथील परिचारिकेने एक दिवस ती काढून बाहेर फाटकाजवळच्या भिंतीवर लावली. त्यानंतर रोज सकाळी पेटी रिकामी आढळू लागली. लोकांना वस्तू हवी होती. साक्षीदार नको होते.

पण त्याच गावच्या आशा कार्यकर्तीने सांगितलेली गोष्ट इतक्या सहज सुटणारी नव्हती. ती म्हणाली, “साहेब, पाकिटे मी घरोघर देते. बाया घेतात आणि डब्यात लपवून ठेवतात. एकीने तर परत आणून दिली. म्हणाली, ताई, हे मी त्यांच्या हातात कसं देऊ? ते विचारतील, हे तुला कोणी शिकवलं?”

“हे तुला कोणी शिकवलं?” श्रोते हो, या चार शब्दांत आपल्या समाजाची सारी अडचण भरलेली आहे. पत्नीने ही वस्तू पुढे केली तर तिच्या चारित्र्याविषयी प्रश्न. पतीने आणली तर तो बाहेर कोठे जातो असा प्रश्न. म्हणजे वस्तू कोणीही आणो, ती आरोप होऊनच घरात शिरते. मग आरोप टाळण्यासाठी दोघेही ती टाळतात, आणि या टाळण्याला आपण विश्वास असे नाव देतो.

असा विश्वास किती महाग पडू शकतो, याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे. १९८६ साली मद्रासमध्ये एच. आय. व्ही.चा संसर्ग भारतात प्रथम आढळला. पुढे १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला आणि तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३९१ स्त्रिया अशा होत्या की ज्यांचा देहविक्रयाशी काहीही संबंध नव्हता. त्यांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एच. आय. व्ही.ची बाधा झालेली होती. बहुतेक जणी पतीखेरीज अन्य पुरुषाशी संबंध न आलेल्या विवाहित स्त्रिया. त्यांचे स्वतःचे वर्तन त्यांना वाचवू शकले नाही, कारण धोका त्यांच्या वर्तनात नव्हताच.

याच्या शेजारी कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीचे उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. डॉ. स्मरजित जाना यांनी तेथे १९९२ साली काम सुरू केले. निरोधविना गिऱ्हाईक घ्यायचे नाही, असा आग्रह तेथील स्त्रियांनी एकमेकींच्या आधाराने धरला. एकीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. सगळ्यांनी दिला तर त्याला ऐकावे लागते. या स्त्रियांच्या पाठीशी संघटना होती. घरातली पत्नी मात्र एकटी असते. तिच्या नकारामागे उभे राहणारे कोणी नाही. उभे राहू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे तिचा पती. म्हणून हा विषय स्त्रीने काढावा, अशी वाट पाहत बसणे पुरुषाला शोभत नाही.

कोणी म्हणेल, जेथे परस्परांवर निष्ठा आहे तेथे हे साधन कशाला? विहिरीचे पाणी उकळून पिताना आपण विहिरीचा अपमान करीत नाही. शिवाय रोग हा काही केवळ आजच्या वर्तनावर अवलंबून नसतो. पूर्वायुष्यातला संसर्ग माणसाच्या नकळत शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतो. दोघांनीही तपासणी करून घेतली, संसर्ग नाही असे कळले आणि पुढे एकनिष्ठा राहिली, तर रोगापुरता प्रश्न मिटतो. मग संततीचा विचार दुसऱ्या साधनानेही करता येईल. पण तपासणी न करता केवळ चेहऱ्यावरून निश्चिंत होणे, याला विश्वास म्हणता येणार नाही. संसर्गानंतरचे काही आठवडे तपासणीत दोष दिसत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते आणि गुप्त ठेवली जाते. १०९७ या दूरध्वनीवर सल्लाही मिळतो. बाधा आढळलीच तर आज उपचार आहेत. ते नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतके घटले आणि तसेच राहिले, त्याच्याकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला एच. आय. व्ही. होत नाही.

दुसरा आक्षेप सुखाचा. या साधनाने सुखात उणेपणा येतो, असे पुरुष सांगतात. थोडा फरक पडत असेलही. तो नाकारण्याचे कारण नाही. पण गर्भ राहील काय, रोग जडेल काय, या धास्तीत असलेल्या स्त्रीचे सुख या हिशेबात आपण कधी धरले आहे काय? दोघांच्या सुखाची बेरीज केली, तर हिशेब निराळा येईल. आणि जिने या साधनाच्या अटीवर होकार दिला, तिच्या नकळत ते दूर सारणे हा सरळसरळ विश्वासघात होय, मग नाते विवाहाचे असो की नसो.

आजची तरुण मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी घरापासून दूर राहतात. पुण्याचा मुलगा बंगळूरला असतो, इंदूरची मुलगी हैदराबादला. त्यांच्या नात्यांविषयी वडीलधाऱ्यांचे मत काहीही असो, त्यांना अज्ञानात ठेवण्याने ती नाती थांबत नाहीत; ती केवळ असुरक्षित होतात. संबंधानंतर घ्यावयाच्या तातडीच्या गोळीवर पुष्कळ तरुण विसंबतात. ती गोळी गर्भ टाळण्यापुरती; रोगाला ती अटकाव करीत नाही. दोन्ही कामे करणारे साधन निरोधच.

तेव्हा चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. पाकिटावरची मुदत पाहावी. ते खिशातल्या पाकिटात किंवा उन्हात ठेवू नये. उष्णतेने रबर निकामी होते. खोबरेल, व्हॅसलीन असे तेलकट पदार्थ त्याला लावू नयेत; पाण्यावर आधारित वंगण चालते. प्रत्येक वेळी नवे वापरावे, आणि आरंभापासून अखेरपर्यंत वापरावे. काटेकोर वापर झाला तर वर्षभरात शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव जोडप्यांना गर्भधारणा टाळता येते. प्रत्यक्षात होणाऱ्या ढिसाळ वापरात हे प्रमाण सत्त्याऐंशीवर येते. त्वचेच्या स्पर्शाने पसरणाऱ्या काही रोगांपासून त्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही. पण एच. आय. व्ही., परमा यांसारख्या रोगांना ते मोठा पायबंद घालते.

माझा मुलगा गेल्या वर्षी परगावच्या वसतिगृहात गेला. निघण्याच्या आदल्या रात्री त्याची पेटी भरता भरता मी त्याला हे सारे सांगितले. जे बोलायला मला वीस वर्षे लागली, ते दहा मिनिटांत आटोपले. प्रथम मी फार घसा खाकरला असेन. तो मात्र शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “बाबा, शाळेत हा धडा आला तेव्हा सर म्हणाले होते, हा घरी वाचा.” मी त्याला विचारले, “मग वाचलास?” तो म्हणाला, “वाचला. पण विचारायचं कोणाला, ते कळलं नाही.”

त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, पेटीतले कपडे तिने पुन्हा नीट लावले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “खोकल्याच्या गोळ्याही ठेवा हो, लागतील.”

वीस वर्षांनंतर आम्ही दोघे पुन्हा एकदा हसलो. या वेळी मात्र त्या हसण्याआड काही टळलेले नव्हते.