पाणी देणाऱ्या बायका

(देऊळगाव राजा येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सायकल शर्यतीत आपल्या पोरींना पाणी देणारी बाई, एवढीच माझी ओळख. तेव्हा त्या दिवसाचंच सांगते.

शर्यत सिंदखेड राजाच्या रस्त्यावर होती. आमच्या चार पोरी, सगळ्या हौशी. आम्ही तिघीजणी पहाटे चारला उठलो. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, असं पाणी बाटल्यांत भरलं. केळी, गूळ-शेंगदाणे, पंप, जादा ट्यूब, पाने घेतले. बाटली चढावर द्यायची, कारण तिथे वेग कमी होतो. ती वरून धरायची, चार पावलं सायकलीबरोबर पळायचं आणि पोरीच्या हाताची पकड बसली की सोडायची. हे आम्ही गल्लीत आठवडाभर शिकलो. पहिल्या दिवशी सगळं पाणी माझ्याच लुगड्यावर!

मुलांची शर्यत चाळीस किलोमीटर, मुलींची वीस. बक्षीसही निम्मं. कारण विचारलं, तर उत्तर आलं, "मुलींना झेपत नाही." न झेपण्याची परीक्षा कुणी घेतली? ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सायकल शर्यती 1896 पासून आहेत, बायकांना तिथे 1984 साली जागा मिळाली. त्याआधी 1924 मध्ये अल्फोन्सिना स्त्रादा नावाची इटालियन बाई पुरुषांच्या मोठ्या शर्यतीत उतरली होती. आपल्या महाराष्ट्राची वेदांगी कुलकर्णी विशीत, 2018 साली, 159 दिवसांत सायकलवर जगाची फेरी करून आली. झेपतं, बायांनो.

अर्ध्या वाटेवर एक पोरगी थांबली. तिची पाळी आली होती. वाटेत कुठंच संडास नाही. आम्ही दोघींनी चादरीचा आडोसा धरला. रस्त्यावरची माणसं बघत होती. ती म्हणाली, "मावशी, सोडून देते." मी म्हटलं, "तुझं तू ठरव. आम्ही चादर धरून उभ्या आहोत." ती पुन्हा सायकलवर बसली. शेवटून दुसरी आली. पण पोचली.

पुढे दुसरीची सायकल पंक्चर झाली. तिचा भाऊ मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, "बस, सोडतो तुला." तसं केलं की शर्यतीतून बाद. आम्ही ट्यूब बदलली. हात काळे झाले. आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघराबाहेरच्या कामानं काळे झाले!

घरी आल्यावर मला प्रश्न पडला. घरातही आपण पहाटे उठतो, भरून देतो, पाठीशी उभ्या राहतो. मग तेव्हा असा आनंद का होत नाही? कारण तिथे ते काम धरलंच जात नाही. शर्यतीत पोरींनी आम्हाला 'आपली टीम' म्हटलं. आणि जिच्यासाठी राबलो, ती स्वतःच्या पायांनी पुढे जात होती.

तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीत हजारो बायका सायकल शिकल्या. बाजाराला, पाण्याला, वर्गाला स्वतः जाऊ लागल्या. तिथे बक्षीस नव्हतं. कुणाची वाट बघायची नाही, हेच बक्षीस.

आपल्याकडेही शाळेसाठी मुलींना सायकली मिळतात. पण कितीतरी घरांत त्या सायकलवर भाऊ फिरतो आणि पोरगी पायी जाते. म्हणून घरोघरी गेलात की सायकल आहे का, एवढंच विचारू नका. ती चालवतं कोण, हे विचारा.

पुढच्या शर्यतीआधी आयोजकांकडे आपण तीन मागण्या घेऊन जाऊ: मुलींना सारखं अंतर, सारखं बक्षीस आणि वाटेत संडासाची सोय. निवेदनावर सह्या हव्यात. आणि ज्या सही करतील, त्यांनी रविवारी आमच्या गल्लीत यावं. पंक्चर काढायला शिकवते.