गाभ्रीचा पाऊस

सतीश मनवर दिग्दर्शित 'गाभ्रीचा पाऊस' हा चित्रपट २००९ साली आला. त्याचा गाजावाजा व्हायला हवा होता, तेवढा झाला नाही.

विदर्भातलं कोरडवाहू गाव. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाच्या मनात पाल चुकचुकते. नवरा किस्नाही असंच काही करून बसला तर? ती लहानग्या दिनूला बापाच्या मागावर धाडते, त्याच्यासाठी चांगलंचुंगलं रांधते. किस्नाला मात्र घोर लागलाय पेरणीचा आणि पावसाचा. बायकोचं हे वागणं त्याला उमगतच नाही. या गैरसमजातून विनोद फुलतो, पण धास्ती सरत नाही.

गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांच्या सहज अभिनयासाठी तरी हा चित्रपट जरूर पाहा.